निळी बाटली आणि मोरीतल्या मुंग्या

घोडपदेवला आमच्या चाळीच्या मागे तालमीची एक लांबट खोली होती. गिरण्या चालू असताना तिथे पहिल्या पाळीहून सुटलेले तरुण संध्याकाळी जोर मारायचे. संपाला पावणेदोन वर्षं होऊन गेली तेव्हा तिथली मुद्गलं कोपऱ्यात धूळ खात पडली होती आणि दर रविवारी सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. मी सांगतोय त्या रविवारी तर बायका खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसल्या होत्या. दीडेकशे माणसं श्वास रोखून एका काचेच्या नळीकडे बघत होती.

नळी अप्पांच्या हातात होती. खाली स्पिरिटचा दिवा. अप्पांच्या गळ्यात रुद्राक्ष, अंगात निळी कफनी आणि मनगटावर घड्याळ. समोर हात जोडून उभे होते आमचे शेजारी कुशाबा पेडणेकर, बत्तीस वर्षं साच्यावर काढलेला विणकर.

"कुशाबा पेडणेकर," अप्पा म्हणाले. "पंधरा दिवसांपूर्वी याच नळीत याच्या लघवीला विटेचा रंग आला होता. खरं की खोटं?"

"खरं," लोक म्हणाले.

"आणि आता इथे येऊन याने काय खाल्लं?"

"बुंदीचे दोन लाडू."

"कोणाच्या समोर?"

"आमच्या समोर."

नळी उकळली. बुडबुडे वर आले. निळं पाणी होतं, ते निळंच राहिलं.

मग कोणीतरी मागून घंटा वाजवली आणि एकदम सगळे बोलायला लागले. कुशाबादादा रडत होते. त्या माणसाला मी संपातही रडताना पाहिलं नव्हतं.

"शंकराने विष प्यायलं, कंठ निळा झाला," अप्पा सांगत होते. "तुमची साखर मी पितो, पाणी निळं होतं. डॉक्टर म्हणतो हे खाऊ नको, ते खाऊ नको. मग माणसाने खायचं काय, वारा? माझ्याकडे पथ्य नाही, गोळी नाही, सुई नाही. अकरा रविवार या, अंगारा घ्या, प्रसाद खा. बॉडीत पावर येते की नाही बघा."

मी दारात उभा होतो, आणि मला आनंद होत नव्हता. त्याचं कारण सांगायला हवं.

मी रमाकांत. गिरगावातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. नळ्या धुणं, द्रावणं भरून ठेवणं, मोडलेल्या काचेची नोंद करणं हे माझं काम. संपाच्या पहिल्या वर्षी कुशाबादादांना मधुमेह निघाला तेव्हा मुख्याध्यापकांना विचारून मी बेनेडिक्टच्या द्रावणाची एक लहान बाटली घरी आणली आणि त्यांच्या बायकोला, अंबिकावहिनींना, लघवी तपासायला शिकवलं. नळीत थोडं निळं द्रावण घ्यायचं, आठ थेंब लघवी टाकायची, उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी आहे. पिवळं, मग नारिंगी, आणि विटेचा रंग आला म्हणजे खूप आहे. चाळीतले आणखी तिघंचौघं मधुमेही वहिनींकडून तपासून घेऊ लागले. मजल्यावर एक भाषाच तयार झाली. "आज काय, निळं?" "नाही हो, वीट." निळं म्हणजे पास, वीट म्हणजे नापास. अप्पा आले ते या तयार जमिनीवर. त्यांना काही पटवून द्यावंच लागलं नाही. लोकांना रंग बघायला मीच शिकवलं होतं. ते बाटलीतलं पाणी कसलं आहे हे विचारायला मात्र शिकवलं नव्हतं.

त्या रविवारी कुशाबादादांनी साखरेवरच्या गोळ्या गटारात टाकल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो. दहा बाय बाराची खोली. खिडकीतून समोर गिरणीची चिमणी दिसायची, धूर नसलेली. दादा दिवसभर तिच्यासमोर बसायचे.

"दादा, गोळ्या एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारा तरी."

"डॉक्टर कागद देतो," ते म्हणाले. त्यांनी उशीखालून घडी घातलेला कागद काढला. "वाच. मोठ्याने वाच."

मी वाचला. सफरचंद किंवा मोसंबी. साय काढलेलं दूध. कोंबडी, कातडी काढून. पनीर.

"हा कागद कोणासाठी लिहिला असेल?" दादांनी विचारलं. "माझ्या घरात सकाळी चहा-पाव, दुपारी भात, रात्री भाताची पेज. गावाला जाऊ म्हटलं तर तिथे भावाच्या चार पोरांना भात पुरत नाही. गिरणीचं दार बंद. संप मागे घेणारा कोणी नाही नि चालवणारा कोणी नाही. जिकडे बघतो तिकडे भिंत, रमाकांत. एक माणूस म्हणाला, तू सुटलास. आणि मी सुटलो. तुझं काय जातं?"

मी कागद घडी करून उशीखाली सरकवला. मी उठून आलो.

पुढचे दोन-तीन आठवडे दादा बारीक होत गेले. चाळ म्हणाली, बघा, पोट उतरलं. ते दिवसाला चार तांबे पाणी पिऊ लागले. चाळ म्हणाली, अंगारा उष्ण असतो. चपलेच्या अंगठ्याने डाव्या पायाला फोड आला आणि बरा होईना, तर अप्पांनी त्यावरही अंगारा लावला. मी दोनदा बोललो, दोनदा दादांनी तोंड फिरवलं.

मग एका दुपारी अंबिकावहिनी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, एक विचारायचं होतं. मुंग्यांना निळं-लाल कळतं का?"

"म्हणजे?"

"यांना रात्री पाचसहा वेळा उठावं लागतं. पायामुळे संडासापर्यंत जाववत नाही, म्हणून मोरीत डबा ठेवलाय. सकाळी डब्याला मुंग्यांची रांग असते. गोळ्या होत्या तेव्हा तपासायचा डबाही तिथेच असायचा, त्याला नसायची. घरी तपासायचं यांनी बंद केलंय. अप्पांकडे पाणी निळं, मग मुंग्या कशाला येतात?"

मी शाळेत वीस वर्षं नळ्या धुतल्या. पण या सगळ्यातला पहिला शास्त्रीय प्रश्न या चौथी शिकलेल्या बाईने विचारला.

मी दिवा आणि माझी बाटली घेऊन गेलो. दादांच्या समोरच तपासलं. द्रावण उकळायच्या आधीच रंग बदलायला लागला. हिरवं, पिवळं, आणि मग गच्च विटेचा रंग.

दादांनी मान पुढे करून नळी बघितली. "तुझी बाटली जुनी झाली," ते म्हणाले.

"परवाच भरलीय."

"मग तुझ्या हाताला गुण नाही."

"दादा, पाय बघा तुमचा."

"रमाकांत," ते अगदी हळू म्हणाले, "माका परत आत ढकलू नको."

बाहेर गॅलरीत आल्यावर वहिनी म्हणाल्या, "ते माझं ऐकणार नाहीत, तुमचं तर नाहीच. त्या अप्पाच्या हातानेच खोटं बाहेर आलं तर ऐकतील." मग दार ओढून घेत म्हणाल्या, "मी दर रविवारी पुढे उभी असते. त्याच्या पेटीत दोन बाटल्या आहेत, सारख्या दिसणाऱ्या. नवीन माणूस आला की डावीकडची काढतो. तिसऱ्या रविवारपासून उजवीकडची."

तेव्हा मला उलगडलं. बेनेडिक्टमध्ये निळा रंग असतो तो मोरचुदाचा. पण नुसत्या मोरचुदाला साखर कळत नाही. त्यात सोडा लागतो, धुण्याचा असतो तसा. सोडा नसेल तर त्या पाण्यात पिंपभर ग्लुकोज ओता आणि दिवसभर उकळा, ते निळंच राहील. उजवीकडच्या बाटलीत मोरचुदाचं साधं पाणी असणार. तसं असेल तर ते सिद्ध करायला लघवीचीही गरज नव्हती.

मी घरातलीच साखर वापरायला निघालो होतो आणि फजिती होता होता वाचलो. आधी घरी करून बघितलं तर माझ्या खऱ्या द्रावणातही चहाच्या साखरेने रंग बदलेना. मग आठवलं, लघवीत उतरते ती साखर वेगळी, ग्लुकोज. तुमच्या-माझ्या डब्यातली साखर या परीक्षेला दाद देत नाही. चार लोकांसमोर तसं झालं असतं तर अप्पांनी मलाच उकळलं असतं. औषधाच्या दुकानातून ग्लुकोजची पुडी आणली. त्याने लगेच वीट आली.

सातवा रविवार. दादांना चालवत नव्हतं. एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला तुळशीदास, असे ते तालमीत आले. हा तुळशीदास कोळी. त्याची बायको मंजुळा आमच्या नाक्यावर मासे विकायची. त्यालाही साखर होती आणि तोही दोन रविवारांपासून अंगारा खात होता. मंजुळा पाटी बाहेर ठेवून नवऱ्याबरोबर पुढेच बसली.

दादांच्या पायाचा वास येत होता. जवळच्या बायकांनी पदर नाकाला लावले. अप्पांनी उदबत्त्या वाढवल्या.

वहिनींनी नेहमीसारखी घरून आणलेली बाटली अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी पेटी उघडली, उजवीकडची बाटली काढली, नळीत ओतलं, थेंब टाकले, दिव्यावर धरलं. त्यांचं बोलणं चालूच होतं. नळी उकळली आणि निळी राहिली. दादांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला एक क्षण वाटलं, हे सगळं इथेच सोडून द्यावं.

"अप्पा," वहिनी म्हणाल्या, "यात साखर नाही ना?"

"कणभरही नाही, बाय."

"मागच्यांना ऐकू गेलं नसेल."

"कणभरही साखर नाही," अप्पांनी हात वर करून सांगितलं.

वहिनींनी अप्पांच्या समोरून ती घरची बाटली उचलली आणि तोंडाला लावली.

खोलीतली माणसं मागे सरकली. एक म्हातारी शी शी करत उठली. वहिनींनी अर्धी बाटली संपवली, पदराने तोंड पुसलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "अर्धी ठेवलीय, कोणाला चव बघायची असेल तर. हे यांचं पाणी नाही. सकाळी मी तीन चमचे ग्लुकोज घालून केलंय. रंगाला दोन थेंब कोरा चहा."

कुशाबादादांनी डोळे उघडले. ते अप्पांकडे बघत नव्हते, बायकोकडे बघत होते.

अप्पा एवढ्यावर गडबडणारे नव्हते. "कपट केलंस," ते शांतपणे म्हणाले. "शक्तीची परीक्षा बघितलीस. पण तिला ते आधीच कळलं होतं. म्हणून तिने मुद्दाम निळं ठेवलं."

"कळलं व्हतं तर तुमाला का नाय सांगितलं तिने?" मंजुळाने विचारलं. "तुमी तर हात वर करून बोलला, कणभर नाय म्हणून."

दोघंतिघं हसले. ते हसणं अप्पांना वहिनींपेक्षा जास्त लागलं असावं. त्यांनी पेटी बंद करायला हात घातला, तर मंजुळाने पेटीवर आपला हात ठेवला. रोज बर्फातली मासळी उपसणारा हात होता तो, हलला नाही.

"रमाकांत," ती म्हणाली, "तू शाळेत ह्येच करतंस ना? कर."

मी दोन नळ्या घेतल्या. एकीत डावीकडच्या बाटलीतलं पाणी, दुसरीत उजवीकडच्या. दोन्हीत वहिनींच्या उरलेल्या पाण्याचे आठ-आठ थेंब टाकले. ते मी नाही टाकले, मंजुळाने टाकले, मोठ्याने मोजत. एक नळी तुळशीदासच्या हातात दिली, एक तिच्या. दोन्ही चिमट्याने एकाच दिव्यावर धरल्या.

तुळशीदासची नळी हिरवी झाली, मग पिवळी, मग विटेसारखी. मंजुळाची निळी राहिली.

"एकच पाणी," मी म्हणालो. "एकाच बाटलीतलं, एकाच हाताने टाकलेलं. फरक आहे तो अप्पांच्या बाटल्यांत. पहिली खरी आहे, रोग दाखवते. दुसरी मोरचुदाचं पाणी आहे, काहीच दाखवत नाही. तुम्ही बरे झाला नाहीत. तुमची बाटली बदलली."

मला वाटलं होतं, आता लोक चिडतील. चिडले, पण अर्धे माझ्यावर. "तो देवाचं करत होता, तू कोण मोठा?" एकजण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, "मग आम्ही आता जायचं कुठे?" त्या प्रश्नाचा राग कोणावर काढायचा ते त्यालाही कळत नव्हतं. या गोंधळात अप्पांनी मागच्या दाराने रस्ता धरला. पेटी मंजुळाजवळच राहिली.

कुशाबादादा जमिनीवर बसले होते. आम्ही त्यांना उचलून टॅक्सीत घातलं.

सरकारी इस्पितळात त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर पाय गुडघ्यापासून गेला असता. आठ दिवस दादा भिंतीकडे तोंड करून पडून होते. नवव्या दिवशी त्यांनी वहिनींना विचारलं, "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तीन वेळा सांगितलं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या पायाची चादर सारखी केली.

तिथे आहाराचं सांगायला एक बाई यायच्या. त्यांच्या हातातही छापील कागद होता. वहिनींनी तो घेतला नाही. "माझ्या घरात काय असतं ते मी सांगते," त्या म्हणाल्या, "त्यातून तुम्ही सांगा." त्या बाई खरंच खुर्ची ओढून बसल्या. मग जे निघालं त्यात सफरचंद नव्हतं. रेशनचा भात, पण डोंगर करून नाही, एक वाटी सपाट. एका वेळेला भाताऐवजी नाचणीची भाकरी. कुळथाची पिठी, चवळी, मूग. भायखळ्याच्या बाजारातून माठ, मुळा, चवळीची पालेभाजी, ताटाचा अर्धा भाग भरेल इतकी. बांगडा किंवा मांदेली तव्यावर, तळून नाही. बिनसाखरेचा चहा, आणि तोही पाच वेळा नाही. पावाचा ढीग बंद. जेवण चुकवायचं नाही, गोळी चुकवायची नाही, पाय रोज बघायचा. मंजुळा म्हणाली, मांदेली मी ठेवीन बाजूला, तिला कोण मोठा माणूस विचारतो.

चाळीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पंधरवड्यात शेजारच्या रमाबाई वहिनींच्या दारात. "नाचणीने साखर जाते म्हणे?"

"नाही जात," वहिनी म्हणाल्या.

"मग?"

"नाचणी पण मोजूनच खायची. जास्त खाल्ली तर तीही वाढवते. साखर कशानेच जात नाही, रमाबाई. ती घरात राहायला आलीय. तिला रोज सांभाळायचं."

रमाबाई निराश होऊन गेल्या. मला त्यांचं वाईट वाटलं. इस्पितळात सुटलास असं कोणी म्हणत नाही, रोजचं काम तेवढं सांगतात. संपाने थकलेल्या माणसाला आणखी एक रोजचं काम कोण मागेल?

कुशाबादादांनी ते काम कसं अंगावर घेतलं हे मी पाहिलं. पहिले काही महिने ताट बघून ते शिव्या द्यायचे. अर्ध्या वाटीवरून भांडायचे. कधी नाक्यावर गपचूप भजी खाऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशी नळी खरं बोलायची. पण तपासायला आता तेच बसायचे. त्यांनी मला मोरचूद आणायला लावलं, सोडा आणायला लावलं, आणि सोड्याचं नि बिनसोड्याचं पाणी वेगवेगळं उकळून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. गिरणी काही त्यांना परत मिळाली नाही. चिमणी तशीच राहिली. डिलाईल रोडला एका गोदामात बसून करायचं हिशेबनिसाच्या मदतनिसाचं काम मिळालं, ते त्यांना आवडलं नाही तरी त्यांनी केलं.

पुढच्या वर्षी तालमीत आम्ही एका रविवारी डॉक्टर बोलावले, फुकट तपासणीला. डॉक्टरांना उशीर झाला. लोक कंटाळून उठायला लागले, तेव्हा दादा काठी टेकत पुढे गेले. भाषणाची सवय नसलेला माणूस. ते म्हणाले:

"तुम्ही सगळे मला ओळखता. मी इथेच फसलो. मी अडाणी म्हणून नाही फसलो. माझ्या बायकोला मुंग्या दिसल्या, त्या मलाही दिसत होत्या. मी बघितलं नाही. दोन वर्षं मला कोणी एक चांगली बातमी दिली नव्हती, त्याने दिली. ती खोटी आहे असं म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. तुमच्यातही कोणाची नसेल. म्हणून सांगतो, तेवढी ताकद नसेल तर निदान आपल्या माणसाला म्हणा, माझ्या वतीने तू विचार. गोळी बंद कर म्हणणाऱ्याला विचारा, का. साखर गेली म्हणणाऱ्याला सांगा, दुसरीकडे तपासून आणतो. तो रागावला तर उठा आणि चालायला लागा, पाय आहेत तोपर्यंत."

मग ते जागेवर जाऊन बसले. डॉक्टर अजून आले नव्हते, पण कोणी उठलं नाही.